डोक्याचा मुका मार

२० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यातील एका क्लब सामन्यात भारताचा माजी कसोटीपटू रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला, क्षेत्ररक्षण करत होता. षटकातले मोजकेच चेंडू उरले होते, म्हणून त्याने हेल्मेट मागवले नाही. फलंदाजाने जोरात मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळून मागे यष्टिरक्षकाकडे उडाला आणि झेल पकडला गेला. लांबा खाली पडला, पण उठला आणि स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूमकडे चालत गेला. थोड्याच वेळात त्याला अस्वस्थ वाटू लागले, शुद्ध हरपली आणि रुग्णालयात नेल्यावर कवटीच्या आत रक्तस्राव झाल्याचे आढळले. शस्त्रक्रिया होऊनही तीन दिवसांनी, वयाच्या ३८व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

या घटनेतला ‘चालत गेला’ हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे स्कूटरवरून पडलेल्या, जिन्यावरून घसरलेल्या किंवा दहीहंडीच्या थरावरून कोसळलेल्या माणसाभोवती गर्दी जमते, त्याला उठवून बसवले जाते, पाणी पाजले जाते आणि तो आपले नाव-गाव सांगू लागला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. ‘बोलतोय ना, मग काही नाही’ असे कोणीतरी म्हणतो. ‘टेंगूळ बाहेर आलं, म्हणजे आत काही झालं नाही’ असे घरातली जुनी माणसे सांगतात. या दोन्ही समजुतींना वैद्यकीय आधार नाही. टेंगूळ म्हणजे कवटीच्या बाहेर, त्वचेखाली साचलेले रक्त असते; कवटीच्या आत काय चालले आहे याविषयी ते कोणतीही ग्वाही देत नाही. मार लागल्या क्षणी माणूस कसा दिसतो यापेक्षा पुढच्या काही तासांत आणि काही वेळा पुढच्या काही आठवड्यांत त्याच्यात काय बदल होतो, हे पाहणे डोक्याच्या दुखापतीत निर्णायक असते.

ज्या दुखापतीत वरून जखम दिसत नाही, रक्त येत नाही, पण आत इजा झालेली असते, तिला मराठीत मुका मार म्हणतात. हातापायाचा मुका मार काळानिळा पडून, ठणकून आपले अस्तित्व सांगतो. मेंदूला मात्र स्वतःची वेदना नसते. डोके दुखते ते मेंदूची आवरणे, रक्तवाहिन्या आणि मानेचे स्नायू यांच्यामुळे. मेंदूच्या पेशींना इजा झाली तरी त्या स्वतः ठणकत नाहीत. म्हणून मेंदूच्या बाबतीत मुका मार हा शब्द अगदी शब्दशः खरा ठरतो.

डब्यातला खरवस

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १.३ ते १.४ किलो वजनाचा असतो आणि इतका मऊ असतो की त्याची तुलना करायची तर खरवसाशी करावी लागेल. तो कवटीत घट्ट बसवलेला नसतो. त्याच्याभोवती आवरणे असतात आणि मेंदू व मज्जारज्जूभोवती मिळून सुमारे १५० मिलिलिटर पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. त्या द्रवात मेंदू जणू तरंगतो, म्हणून रोजच्या चालण्या-धावण्याचे धक्के त्याला जाणवत नाहीत.

आता स्टीलच्या डब्यात खरवस आहे आणि तो डबा ओट्यावर आपटला, अशी कल्पना करावी. डब्याला पोचाही येणार नाही, पण खरवस एका बाजूला दाबला जाईल आणि उलट्या बाजूला डब्यापासून सुटू पाहील. मेंदूचेही असेच होते. डोक्याच्या मागे मार बसला तरी कपाळामागचा मेंदू चेचला गेल्याचे आढळते ते यामुळेच. तोच डबा आपटण्याऐवजी हातात धरून झटक्याने पिळल्यासारखा फिरवला, तर खरवसाला आतून भेगा पडतील. हा दुसरा प्रकार मेंदूला अधिक घातक असतो. मेंदूच्या पेशींना एकमेकींशी जोडणारे लांब, अतिशय बारीक तंतू असतात. डोके गर्रकन फिरले की मेंदूचे वेगवेगळे थर वेगवेगळ्या गतीने सरकतात आणि हे तंतू ताणले जातात, काही तुटतातही. असे नुकसान मेंदूभर पसरलेले असेल तर कवटीला साधी चीरही नसताना माणूस दीर्घकाळ बेशुद्ध राहू शकतो. उलटपक्षी, डोक्याला मोठी खोक पडून कपडे रक्ताने माखले तरी मेंदू पूर्णपणे सुखरूप असू शकतो, कारण डोक्याच्या त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि लहान जखमेतूनही पुष्कळ रक्त वाहते. जखमेच्या आकारावरून मेंदूच्या इजेचा अंदाज का बांधू नये, हे यावरून लक्षात यावे.

डोक्यावर थेट काही आदळायलाच हवे असेही नाही. मोटारीला मागून जोरदार धडक बसली आणि मानेला हिसका बसला, तरी मेंदू आतल्या आत हेलकावतो आणि त्याला इजा होऊ शकते.

शुद्धीवर असण्याचा भरवसा किती?

लांबा चालत गेला आणि नंतर कोसळला, असे का होते, हे समजून घेण्यासाठी कवटी ही बंद पेटी आहे हे ध्यानात घ्यावे लागते. पोटात किंवा मांडीत रक्त साचले तर आजूबाजूचा भाग फुगून त्याला जागा देतो. प्रौढ कवटीला फुगता येत नाही. तिच्यात मेंदू, रक्त आणि तो द्रव अशा तीनच गोष्टी मावतात. यांतली एक वाढली तर दुसरीला कमी व्हावे लागते.

कानशिलाचे हाड कवटीच्या इतर भागांच्या तुलनेत पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूला लागून एक धमनी जाते. हाड तडकले की ती धमनी फाटू शकते आणि हाड व मेंदूचे सर्वांत बाहेरचे आवरण यांच्या मध्ये रक्त साचू लागते. सुरुवातीला कवटीतला थोडा द्रव खाली मणक्याकडे सरकतो, नीलांमधले थोडे रक्त बाहेर ढकलले जाते आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत नवे रक्त मावते. या काळात माणूस बोलतो, चालतो, चहा पितो, घरी फोनही करतो. डॉक्टरांना हा टप्पा चांगला परिचित आहे; तो काही मिनिटांचा असू शकतो आणि काही तासांचाही. मग सरकायला जागाच उरत नाही. त्यानंतर साचणाऱ्या थोड्याशा रक्तानेही आतला दाब झपाट्याने चढतो. मेंदू खालच्या बाजूला रेटला जातो, एका डोळ्याची बाहुली मोठी होते, शरीराची एक बाजू लुळी पडू लागते आणि शेवटी श्वासाचे नियंत्रण करणारा भाग दाबला जातो. हाड आणि आवरण यांच्यामधली अशी गाठ ३० मिलिलिटरहून मोठी असेल, तर रुग्ण शुद्धीवर दिसत असला तरी ती शस्त्रक्रियेने काढावी, अशी न्यूरोसर्जरीतली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ३० मिलिलिटर म्हणजे चहाच्या लहान कपाच्या अर्ध्याहूनही कमी. ही गाठ वेळेत काढली गेली तर खालचा मेंदू बहुधा चांगला असल्यामुळे रुग्ण पूर्णपणे बरा होऊ शकतो, आणि म्हणूनच उशिरामुळे गेलेला असा जीव मनाला अधिक लागतो. मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात बर्फावर स्कीइंग शिकताना पडली, ठीक वाटते म्हणून तिने वैद्यकीय मदत नाकारली आणि दोन दिवसांत ती याच प्रकारच्या रक्तस्रावाने गेली.

रुग्णालयात जखमी माणसाची शुद्ध मोजण्यासाठी ग्लासगो कोमा स्केल नावाची पट्टी वापरतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉक्टर ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ती १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६, असे एकूण १५ गुण असतात. किमान गुण शून्य नसून ३ असतात, त्यामुळे ‘१५ पैकी ३’ हे ऐकून नातेवाइकांनी थोडा तरी प्रतिसाद आहे असा समज करून घेऊ नये. १३ ते १५ गुण असले तर दुखापत सौम्य, ९ ते १२ असले तर मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी असले तर गंभीर मानतात. या पट्टीचा खरा उपयोग एकदाच मोजण्यात नाही. नर्स दर तासाला, कधी दर अर्ध्या तासाला येऊन ‘तुमचं नाव काय, आज वार कोणता, माझा हात दाबा’ असे पुन्हापुन्हा विचारते, तेव्हा रुग्ण वैतागतो आणि नातेवाईकही कुरकुरतात; पण १५ वरून १३ वर आलेला आकडा हीच आत काही बिघडत असल्याची पहिली खूण असते.

घरी असताना याच गोष्टी साध्या डोळ्यांनी पाहता येतात. डोकेदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणे, पुन्हापुन्हा उलट्या होणे, असंबद्ध बोलणे किंवा तोच प्रश्न परतपरत विचारणे, जीभ जड होणे, हातापायातली शक्ती कमी होणे, फिट येणे, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, हाका मारूनही नीट जाग न येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ द्रव गळत असेल, तर ती सर्दी नसून कवटीच्या तळाच्या हाडाला चीर पडून मेंदूभोवतीचा द्रव बाहेर येत असण्याची शक्यता असते. अशा वेळी कानात किंवा नाकात कापूस कोंबू नये. तान्ह्या बाळाला बोलता येत नाही, म्हणून त्याचे दूध तुटणे, न थांबणारे रडणे, नेहमीपेक्षा मलूल पडणे आणि टाळू फुगलेली दिसणे याकडे लक्ष ठेवावे.

‘डोक्याला लागलं आहे, झोपू देऊ नका’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. त्यामागची काळजी योग्य आहे, पण सल्ला अर्धवट आहे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्या माणसाला झोपायला हरकत नसते. पहिल्या रात्री त्याला अधूनमधून उठवून तो नेहमीसारखा जागा होतो का, ओळखतो का, नीट उत्तर देतो का, हे पाहावे की नाही, हे डॉक्टरांनाच विचारून घ्यावे आणि ती रात्र त्याला खोलीत एकटे ठेवू नये.

रस्त्यावर जखमी पडलेल्या माणसाला मदत करताना त्याची मान जपणे सर्वांत आधी येते, कारण डोक्याला जोरदार मार बसलेल्यांपैकी काहींच्या मानेच्या मणक्यालाही इजा झालेली असते. दोघांनी हातपाय धरून उचलून रिक्षात कोंबल्याने चालणारा माणूस कायमचा अपंग होऊ शकतो. १०८ किंवा ११२ वर फोन करावा, डोके व मान एका रेषेत स्थिर धरून ठेवावे, रक्त येणाऱ्या जागी स्वच्छ कापड दाबावे. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढण्याची घाई करू नये. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एकाच वेळी, एकसंध वळवून कुशीवर करावे. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काहीही साधत नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि फिट थांबल्यावर कुशीवर वळवावे. मदत केली तर पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने पुष्कळ लोक पुढे येत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ अशा मदत करणाऱ्या माणसाला संरक्षण देते.

स्कॅनमध्ये न दिसणारी दुखापत

आतापर्यंत सांगितलेला कवटीतला रक्तस्राव सीटी स्कॅनवर दिसतो. ज्याला कन्कशन म्हणतात ती दुखापत मात्र सीटी स्कॅनवर दिसत नाही, आणि नेमक्या याच कारणाने ती थट्टेवारी नेली जाते.

कन्कशन म्हणजे धक्क्यामुळे मेंदूचे काम तात्पुरते विस्कळीत होणे. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, क्षणभर काहीच उमजत नाही, मार बसण्याच्या आधीचे किंवा नंतरचे काही आठवत नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. बहुतेक कन्कशनमध्ये ती हरपत नाही. मग डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, उजेड आणि आवाज सहन न होणे, डोक्यात धुके भरल्यासारखे वाटणे, वाचलेले लक्षात न राहणे, विनाकारण चिडचिड होणे किंवा रडू येणे, झोप बिघडणे अशी लक्षणे येतात. काही लगेच जाणवतात, काही दुसऱ्या दिवशी.

आत घडते ते असे. धक्क्याने चेतापेशींच्या भिंती ताणल्या जातात, पेशीतले पोटॅशियम बाहेर पडते आणि कॅल्शियम आत शिरते. हा घोळ निस्तरून पूर्ववत मांडणी करण्यासाठी पेशीतले पंप जोराने काम करू लागतात आणि त्यांना खूप ऊर्जा लागते. पण नेमक्या त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा नेहमीपेक्षा कमी झालेला असतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशी ही मेंदूतल्या भारनियमनाची स्थिती काही दिवस टिकते. सीटी स्कॅन हाड आणि रक्त दाखवतो. विजेचा तुटवडा घराच्या छायाचित्रात दिसत नाही, तसा हा तुटवडाही त्यात दिसत नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ या वाक्याचा अर्थ आत शस्त्रक्रिया करण्याजोगा रक्तस्राव नाही, एवढाच घ्यावा. त्याचा अर्थ ‘तुला काहीही झालेले नाही’ असा काढून दहावीच्या मुलाला दुसऱ्या दिवशी क्लासला पाठवणे आणि त्याने डोके दुखते म्हटल्यावर अभ्यास टाळतो म्हणून त्याला बोलणे, हा त्याच्यावर अन्याय आहे. याच्या उलट, डोक्याला किरकोळ लागलेल्या प्रत्येक मुलाचा सीटी स्कॅन झालाच पाहिजे असा हट्टही पालकांनी धरू नये. त्यात क्ष-किरणांचा मारा असतो, आणि काही तास निरीक्षणाखाली ठेवणे पुरेसे आहे की स्कॅन हवा, हे ठरवण्याचे निकष डॉक्टरांकडे असतात.

पूर्वी कन्कशन झालेल्या माणसाला अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायला सांगत. आता तो सल्ला मागे पडला आहे. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती घ्यावी, म्हणजे घरातल्या घरात हिंडावे-फिरावे, पण अभ्यास, कार्यालयीन काम आणि विशेषतः मोबाइलचा पडदा कमीत कमी ठेवावा. त्यानंतर हलके चालणे सुरू करून लक्षणे वाढत नाहीत ना हे पाहत काम वाढवत न्यावे. दारू पूर्ण वर्ज्य करावी आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत वाहन चालवू नये. डोकेदुखीसाठी सुरुवातीला साधे पॅरासिटामॉल घेतले जाते. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांच्या आसपास आणि मुले महिनाभरात बरी होतात. काहींची लक्षणे त्यापुढेही रेंगाळतात, आणि ती मनाचे खेळ नसतात. मान, डोळ्यांची हालचाल, तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा, झोप आणि मनःस्थिती यांपैकी कशामुळे त्रास होतो हे शोधून त्यावर उपचार करता येतात.

खेळाडूने मैदानात कधी परतावे, याचे उत्तर सहा पायऱ्यांत दिले जाते: आधी रोजचे व्यवहार, मग हलका व्यायाम, मग धडकेचा धोका नसलेला एकट्याचा सराव, मग संघाबरोबरचा हलका सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यायचे असतात. यामागचे कारण गंभीर आहे. मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला, तर तो पहिल्यापेक्षा हलका असूनही, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला अचानक मोठी सूज येऊ शकते. ही घटना दुर्मीळ आहे, परंतु घडली तर जीवघेणी ठरते.

क्रिकेटने हे उशिरा का होईना मान्य केले. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची मुभा दिली आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू लागलेल्या स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराच्या टी-२० सामन्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, त्यानंतरही तो फलंदाजी करत राहिला आणि दुसऱ्या डावात त्याच्या जागी उतरलेल्या युझवेंद्र चहलने तीन बळी घेतले. तेव्हा ‘चेंडू लागल्यावरही जो खेळत होता, त्याला कन्कशन कसे?’ असा वाद झाला. त्या एका सामन्यापुरते कोणाचे काय म्हणणे होते ते बाजूला ठेवले, तरी तो प्रश्नच चुकीच्या समजुतीवर उभा होता, कारण कन्कशनची लक्षणे उशिरा उमटणे अगदी नेहमीचे आहे. शाळेच्या मैदानावरच्या कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये असा बदली खेळाडूचा नियम असो वा नसो, डोके आपटलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, एवढे तरी प्रत्येक क्रीडाशिक्षकाने पाळायला हवे. ‘लागलं तरी खेळला’ याचे कौतुक आपण डोक्याच्या बाबतीत थांबवले पाहिजे.

वर्षानुवर्षे डोक्याला मार बसत राहिला तर काय होते, याची पहिली नोंद १९२८ मध्ये अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांविषयी लिहून केली. २००२ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेबस्टर यांच्या मेंदूची तपासणी करताना डॉ. बेनेट ओमालू यांना अशा वारंवारच्या मारांशी जोडलेली मेंदूची झीज आढळली. तिचे पक्के निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. एखाददुसऱ्या कन्कशनने अशी झीज होईल या भीतीने कोणी खचून जाऊ नये. तिचा संबंध अनेक वर्षे वारंवार बसणाऱ्या मारांशी आहे.

हेल्मेट नेमके काय करते

स्कूटर सिग्नलला थांबलेली असताना मागे बसलेली व्यक्ती तोल जाऊन पडली आणि डोके साधारण दीड मीटर उंचीवरून रस्त्यावर आदळले, तर आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. ‘गल्लीतच जायचे आहे, सावकाश चालवतो’ या युक्तिवादाचे उत्तर या आकड्यात आहे. खड्ड्यात चाक गेल्यावर, न दिसलेल्या गतिरोधकावर, किंवा पदर वा ओढणी चाकात अडकल्यावर एका बाजूला पाय सोडून बसलेली स्त्री अशीच मागच्या मागे पडते, आणि बहुतेक वेळा हेल्मेट फक्त पुढच्या माणसाच्या डोक्यावर असते. कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचे आहे.

हेल्मेटचे बाहेरचे टणक कवच आघात एका जागी न ठेवता पसरवते. खरे काम आतला थर्माकोलसारखा जाड थर करतो. तो चेपतो आणि चेपताना डोके थांबायला काही अधिक क्षण मिळतात. म्हणून एकदा जोरात आदळलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी ते पुन्हा वापरू नये. त्याचा थर चेपून संपलेला असतो. आत केवळ पातळ स्पंज असलेली टोपी पोलिसांपासून वाचवेल, रस्त्यापासून नाही. आयएस ४१५१ या मानकाचा आयएसआय शिक्का पाहावा आणि पट्टा हनुवटीखाली बांधावा, कारण न बांधलेले हेल्मेट डोके जमिनीवर पोहोचण्याआधीच निघून जाते. अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षानुसार हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वारांमधल्या मृत्यूंचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतींचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. डोके गर्रकन फिरण्याने होणारी इजा मात्र ते तितकी रोखू शकत नाही. त्यामुळे हेल्मेट असूनही कन्कशन होऊ शकते, आणि ‘हेल्मेट होते, मग तपासायला कशाला जायचे’ हे म्हणणे बरोबर नाही.

गंभीर दुखापतीनंतर

जो मेंदू आघाताच्या क्षणी मेला, तो परत आणता येत नाही. अतिदक्षता विभागातली सारी धडपड उरलेला मेंदू वाचवण्यासाठी असते. रक्तदाब किंवा ऑक्सिजन थोडा वेळ जरी घसरला तरी जखमी मेंदूचे नुकसान वाढते, म्हणून श्वासासाठी नळी, व्हेंटिलेटर आणि सतत मोजमाप चालते. सूज आवरत नसेल तर कवटीच्या हाडाचा मोठा तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात. तो तुकडा पुष्कळदा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. डोक्याला खळगा आणि पोटाला टाके पाहून नातेवाईक गोंधळतात, म्हणून हे आधीच समजावून सांगायला हवे. सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड द्यावे ही अनेक दशके चाललेली पद्धत १०,००० हून अधिक रुग्णांवरील एका चाचणीनंतर बंद पडली, कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत स्टेरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू अधिक आढळले.

घरी परतलेला माणूस चालू-बोलू लागतो आणि शेजारीपाजारी ‘अगदी पहिल्यासारखा झाला’ म्हणतात, तेव्हा घरच्यांना मात्र वेगळे दिसत असते. शांत स्वभावाचा नवरा भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावतो, हिशेबात पक्का असलेला दुकानदार सुटे पैसे देताना अडखळतो. कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला लगाम घालतो आणि कामांचा क्रम लावतो, आणि तोच भाग अपघातात वारंवार दुखावतो. हा त्या माणसाचा दोष नाही, हे समजल्याने राग सोसणे सोपे होत नाही, पण न्यूरोलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याकडे जाण्याचे कारण मात्र मिळते. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, तरी त्यानंतरही ती होत राहते.

वयस्कर माणसे आणि उशिरा उमटणारा मार

माझ्या आत्याला न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाय घसरून डोक्याला मागे थोडे लागले, तेव्हा तिने स्वतःच बर्फ लावला आणि संध्याकाळी देवापुढे दिवाही लावला. तिसऱ्या आठवड्यात वाती वळताना तिचा डावा हात साथ देईना. कापूस बोटांतून सुटायचा, आणि ती म्हणायची, ‘कापूसच बरा नाही या वेळचा.’ मग चालताना डावी सपाट चप्पल पायातून निघून जाऊ लागली आणि ती न कळता तशीच पुढे चालत राहू लागली. आम्ही सगळे ‘वय झालं’ असे म्हणत होतो. पडल्याची गोष्ट तर कोणाच्या डोक्यातही उरली नव्हती.

वयानुसार मेंदू किंचित आकसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधली जागा वाढते आणि ती जागा ओलांडून जाणाऱ्या बारीक नीला ताणलेल्या राहतात. किरकोळ धक्क्यानेही त्यांतली एखादी फाटते. रक्त धमनीतले नसून नीलेतले असल्याने ते हळूहळू झिरपते, आणि जागा मोकळी असल्यामुळे कित्येक दिवस कोणतेही लक्षण दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, डोकेदुखी, विसरभोळेपणा, एका बाजूचा अशक्तपणा, तोल जाणे किंवा दिवसा झापड येणे सुरू होते. त्याला स्मृतिभ्रंश किंवा अर्धांगवायू समजले जाण्याची शक्यता मोठी असते. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा दारूचे व्यसन असेल, तर हा धोका अधिक वाढतो. अशा गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसाच्या डोक्याला लागले तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण त्या ज्या कारणासाठी दिल्या आहेत ते कारण तसेच असते.

आत्याच्या स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला साचलेल्या जुन्या रक्ताचा चंद्रकोरीसारखा पट्टा दिसला. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते, त्यामुळे कापूस सुटणे आणि चप्पल निसटणे या दोन्हींचा उलगडा एकदम झाला. कवटीला दोन छोटी भोके पाडून, वंगणाच्या तेलासारखे काळपट पातळ झालेले ते रक्त काढले, आणि चौथ्या दिवशी ती घरी आली. असे रक्त काही जणांमध्ये पुन्हा साचते, म्हणून डॉक्टरांनी काही आठवड्यांनी परत स्कॅन करायला सांगितला आणि तिची रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे त्यानंतर ठरवू, असे लिहून दिले. तोवर रोज सकाळी ती वाती वळत असताना आम्ही तिच्या डाव्या हाताकडे पाहत असू.